मायक्रोकंट्रोलरच्या ॲनालॉग इनपुटसाठी स्थिर संदर्भ व्होल्टेज : नागपूरच्या उन्हाळ्याचा विचार करून केलेली रचना

मायक्रोकंट्रोलरमधील एडीसी (ॲनालॉग व्होल्टेजचे डिजिटल आकड्यात रूपांतर करणारा भाग) जो आकडा देतो, तो इनपुटवरील व्होल्टेज आणि संदर्भ व्होल्टेज यांच्या गुणोत्तराचा आकडा असतो. दहा बिटांच्या एडीसीत इनपुटला संदर्भाने भागून १०२४ ने गुणले की तो आकडा मिळतो. प्रोग्राममध्ये आपण त्याच आकड्यावरून उलट हिशेब करून व्होल्टेज काढतो आणि त्या हिशेबात संदर्भ ५.०० व्होल्ट आहे असे गृहीत धरून मोकळे होतो. प्रत्यक्षात पुरवठा ४.८२ व्होल्ट असेल, तर प्रत्येक मोजमाप साडेतीन टक्क्यांहून अधिक फुगते. शंभर मोजमापांची सरासरी काढली किंवा बारा बिटांचा एडीसी आणला, तरी ही चूक तसूभरही कमी होत नाही, कारण ती प्रत्येक मोजमापात सारखीच मिसळलेली असते. सरासरीने गोंगाट कमी होतो, संदर्भाची चूक मात्र जशीच्या तशी राहते.

नागपुरात या प्रश्नाला तापमानाची धार आहे. नवतपाच्या दिवसांत हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असते आणि उघड्यावर खांबाला लावलेल्या पत्र्याच्या डब्यात ते ६० ते ६५ अंशांपर्यंत जाते; तोच डबा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहा अंशांच्या खाली उतरतो. म्हणजे आपल्याकडच्या उपकरणाला सुमारे ५५ अंशांच्या पट्ट्यात काम करावे लागते. त्यामुळे संदर्भ निवडताना 'तो २५ अंशांना किती अचूक आहे' या प्रश्नापेक्षा 'तापमानाबरोबर तो किती सरकतो' हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीची चूक एकदा मोजून प्रोग्राममध्ये वजा करता येते. तापमानानुसार सरकणारी चूक तशी सहज वजा होत नाही. या लेखातील सगळे निर्णय याच भेदावर आधारलेले आहेत.

आधी संदर्भाची गरज आहे का ते ठरवा

काही मोजमापांना अचूक संदर्भाची गरजच नसते. पोटेन्शिओमीटरच्या दोन टोकांना जो पुरवठा दिला आहे, तोच एडीसीला संदर्भ म्हणून दिला तर पुरवठा पाच टक्क्यांनी घसरला तरी आकडा बदलत नाही, कारण अंश आणि छेद दोन्ही एकाच प्रमाणात घसरतात. थर्मिस्टर आणि स्थिर रेझिस्टर यांची जोडी, लोडसेलचा ब्रिज, पुरवठ्याच्या प्रमाणात आउटपुट देणारे दाबाचे सेन्सर या सगळ्यांना हेच लागू होते. अशा ठिकाणी महागडा संदर्भ लावल्यास उलट नुकसान होते, कारण सेन्सर पुरवठ्याबरोबर हलतो आणि संदर्भ जागेवर राहतो.

याउलट बॅटरीचे व्होल्टेज, ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमधून रेझिस्टरवर मिळणारे व्होल्टेज, थर्मोकपलच्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट किंवा दर अंशाला १० मिलिव्होल्ट देणारा एलएम३५ यांची किंमत निरपेक्ष व्होल्टमध्ये असते. येथे संदर्भाशिवाय गत्यंतर नाही.

एक उदाहरण समोर ठेवू. काटोल किंवा नरखेडच्या संत्र्याच्या बागेत मातीचा ओलावा नोंदवणारे एक केंद्र आहे. सौर पॅनेलवर भरणाऱ्या १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर ते चालते आणि बॅटरी फार उतरण्याआधी त्याने भार तोडणे अपेक्षित आहे. अशी बॅटरी पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, तर रिकामी होत आली की सुमारे ११.९. संपूर्ण क्षमता या जेमतेम ०.८ व्होल्टच्या पट्ट्यात सामावलेली आहे. संदर्भात एक टक्का चूक असेल तर १२.४ व्होल्टच्या मोजमापात ०.१२४ व्होल्टची चूक येते, म्हणजे शिल्लक चार्जच्या अंदाजात पंधरा टक्क्यांचा फरक पडतो. एक टक्का ऐकायला लहान वाटतो, पण बॅटरीचे आयुष्य कमी होण्यासाठी तो पुरेसा आहे.

चुकीचा ताळेबंद कागदावर मांडा

भाग विकत घेण्यापूर्वी चुकीचा ताळेबंद मांडावा. दहा बिटांच्या एडीसीत एक काउंट (आकड्यातील एकाचा फरक) म्हणजे पूर्ण मापाचा सुमारे ९७७ पीपीएम (दहा लाखांत ९७७ भाग), म्हणजे जवळपास ०.१ टक्का. बारा बिटांत तो २४४ पीपीएम होतो. एखाद्या संदर्भाचा तापमान गुणांक अंशाला ५० पीपीएम असेल, तर ५५ अंशांच्या पट्ट्यात तो २७५० पीपीएमपर्यंत सरकू शकतो. दहा बिटांत ही सुमारे तीन काउंटची आणि बारा बिटांत अकराहून अधिक काउंटची चूक होय. म्हणजे आपल्या हवामानात अशा संदर्भावर बारा बिटांचा एडीसी लावला तर खालच्या तीनेक बिटांना निरपेक्ष मोजमापात अर्थ उरत नाही.

हा हिशेब करताना डेटाशीटमधील 'सर्वसाधारण' स्तंभ बाजूला ठेवून 'कमाल' स्तंभच वापरावा. सर्वसाधारण आकडा पुष्कळ तुकड्यांच्या सरासरीचा असतो. आपल्या हातातील तुकडा त्या सरासरीवर असेल याची हमी कोणीही देत नाही.

उपलब्ध पर्याय

पुरवठ्यालाच संदर्भ मानणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत अविश्वसनीय मार्ग आहे. ७८०५ या रेग्युलेटरचे आउटपुट ४.८ ते ५.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असले तरी तो भाग निर्दोषच मानला जातो. यूएसबीवरून चालणाऱ्या बोर्डावर तर केबलची लांबी आणि लॅपटॉपचा पोर्ट यांनुसार आकडा बदलतो.

मायक्रोकंट्रोलरमधील अंतर्गत संदर्भाकडे मात्र लोक उगाच दुर्लक्ष करतात. एटीमेगा३२८पी मधील अंतर्गत संदर्भ नावाला १.१ व्होल्टचा असतो, पण डेटाशीटनुसार तो १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. हा नऊ टक्क्यांचा फरक चिपागणिक आहे. एकाच चिपमध्ये तो दर खेपेला बदलत नाही. प्रत्येक बोर्डावर तो एकदा मोजून ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) नोंदवला तर बरीच कामे भागतात. ईएसपी३२ मध्येही अंतर्गत संदर्भ चिपागणिक १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान असतो आणि बाहेरून संदर्भ देण्यासाठी पिन नाही. कारखान्यात चिपमध्ये नोंदवलेली कॅलिब्रेशन मूल्ये वापरणे एवढेच हातात राहते. नेमक्या मोजमापासाठी तेथे वेगळा एडीसी जोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. एसटीएम३२ च्या अनेक नव्या मालिकांत अंतर्गत संदर्भाचे मोजमाप कारखान्यातच ठरावीक पुरवठ्यावर घेऊन चिपमध्ये साठवलेले असते. तोच संदर्भ आपल्या पुरवठ्यावर मोजून दोन आकड्यांच्या गुणोत्तरावरून खरा पुरवठा काढता येतो. रास्पबेरी पाय पिकोवर एडीसीचा संदर्भ ३.३ व्होल्टच्या पुरवठ्यातून २०० ओहमच्या रेझिस्टरमार्गे येतो आणि एडीसीच्या स्वतःच्या प्रवाहाने तेथे सुमारे ३० मिलिव्होल्ट गळतात. त्यामुळे तेथे बाहेरून ३.० व्होल्टचा शंट संदर्भ (रेझिस्टरमार्गे आलेला जादा प्रवाह ग्राउंडकडे वळवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा) जोडण्याची सोय दिली आहे, ती अवश्य वापरावी.

झेनर डायोड संदर्भ म्हणून वापरू नये. ३.३ व्होल्टच्या झेनरची वक्ररेषा इतकी सौम्य असते की प्रवाह थोडा बदलला तरी व्होल्टेज हलते आणि तापमानानेही ते बरेच घसरते. तापमानाला जवळजवळ अचल असणारे झेनर पाच ते साडेपाच व्होल्टच्या आसपास मिळतात, पण पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यांचा उपयोग नाही.

सीताबर्डीच्या दुकानांत सहज मिळणारा टीएल४३१ हा २.४९५ व्होल्टचा शंट संदर्भ आहे. साध्या प्रतीची चूक दोन टक्के आणि बी प्रतीची अर्धा टक्का असते. कॅथोडमधून किमान एक मिलिअँपिअर वाहिलाच पाहिजे. त्याची एक खोड आवर्जून लक्षात ठेवावी: आउटपुटवर काही नॅनोफॅरॅडपासून काही मायक्रोफॅरॅडपर्यंतच्या मधल्या पट्ट्यातील कपॅसिटर लावला तर तो दोलन करू लागतो, आणि नेमका त्याच पट्ट्यातला १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आपण सवयीने लावतो.

एलएम४०४० हा माझ्या मते लहान प्रकल्पांसाठी सर्वांत समंजस पर्याय आहे. तो २.०४८, २.५, ४.०९६ अशा अनेक व्होल्टेजांत मिळतो, कोणत्याही कपॅसिटरसह स्थिर राहतो आणि शंभराहून कमी मायक्रोअँपिअरवरही चालतो. ए प्रतीची चूक ०.१ टक्का, सी प्रतीची ०.५ टक्का, दोन्हींचा कमाल तापमान गुणांक अंशाला १०० पीपीएम आहे. म्हणजे जास्त पैसे देऊन ए प्रत घेतली तरी कमाल तापमान गुणांक तोच राहतो. प्रत्येक बोर्ड स्वतः कॅलिब्रेट करणार असाल तर सी प्रत पुरते.

त्याहून वर जायचे असेल तर आरईएफ५०४० सारखा सिरीज संदर्भ (पुरवठा आणि आउटपुट यांच्या मध्ये बसणारा) घ्यावा. याचे आउटपुट ४.०९६ व्होल्ट असून मानक प्रतीचा कमाल गुणांक अंशाला ८ पीपीएम आणि उच्च प्रतीचा ३ पीपीएम आहे. याला आउटपुटवर १ ते ५० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लागतोच आणि पुरवठा आउटपुटपेक्षा किमान ०.२ व्होल्टने अधिक हवा.

हे सगळे संदर्भ बहुतांशी एकाच कल्पनेवर उभे आहेत. ट्रान्झिस्टरच्या बेस-एमिटरचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते, तर वेगवेगळ्या प्रवाहघनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांमधील व्होल्टेजचा फरक तापमानाबरोबर वाढतो. योग्य प्रमाणात बेरीज केली की सुमारे १.२ व्होल्टवर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडतात. बॉब विडलर यांनी १९७१ च्या सुमारास ही कल्पना छोट्या, स्वस्त चिपमध्ये उतरवली. हे खोडणे कधीच पूर्ण होत नाही, थोडी वक्रता उरते. डेटाशीटमधील तापमानाचा आलेख धनुष्यासारखा दिसतो तो त्यामुळेच.

संत्रा बागेतील केंद्राचा हिशेब

एटीमेगा३२८पी पाच व्होल्टवर आणि संदर्भ ४.०९६ व्होल्टचा एलएम४०४० असे धरू. ४.०९६ निवडण्याचे कारण असे की दहा बिटांत एक काउंट बरोबर ४ मिलिव्होल्टचा होतो. एआरईएफ पिनचा (बाहेरचा संदर्भ जोडण्याच्या पिनचा) अंतर्गत रोध सुमारे ३२ किलोओहम असल्याने ती पिन स्वतःच १२८ मायक्रोअँपिअर ओढते; हा प्रवाह हिशेबात न धरल्याने पुष्कळ रचना कमी पुरवठ्यावर कोलमडतात. संदर्भासाठी शंभर मायक्रोअँपिअर धरले तर किमान गरज सुमारे २३० मायक्रोअँपिअरची होते. पुरवठा ४.७५ व्होल्टपर्यंत उतरला तर सिरीज रेझिस्टरवर ०.६५४ व्होल्ट उरतात. एक किलोओहम घेतला की ६५४ मायक्रोअँपिअर मिळतात, म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक, पुरवठा ५.२५ झाला तरी प्रवाह १.१५ मिलिअँपिअरच राहतो आणि एलएम४०४० ची मर्यादा १५ मिलिअँपिअरची आहे. म्हणून एक किलोओहम योग्य.

बॅटरीकडून एडीसीकडे येताना ३० किलोओहम वर आणि १० किलोओहम खाली अशा दोन रेझिस्टरांनी व्होल्टेजची विभागणी करावी. त्यामुळे पूर्ण माप १६.३८४ व्होल्ट होते आणि बॅटरीच्या बाजूने एक काउंट १६ मिलिव्होल्टचा पडतो. सौर चार्जिंगमध्ये व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास जाते, तेवढी जागा यात आहे. एडीसीला दिसणारा रोध साडेसात किलोओहम असतो; या चिपसाठी तो १० किलोओहमच्या आत असावा असे डेटाशीट सांगते. इनपुट पिनजवळ १०० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावल्यास नमुना घेतानाचा क्षणिक प्रवाह तोच पुरवतो.

आता तापमानाचा हिशेब. कॅलिब्रेशन २५ अंशांना केले आणि डबा ६५ अंशांना पोहोचला, तर फरक ४० अंशांचा. एलएम४०४० मुळे कमाल ०.४ टक्के, म्हणजे १२.४ व्होल्टवर ५० मिलिव्होल्ट. विभागणीचे रेझिस्टर साधे, अंशाला १०० पीपीएमचे मेटल फिल्म असतील आणि दुर्दैवाने विरुद्ध दिशांना सरकले, तर गुणोत्तरात ०.७५ गुणिले २०० गुणिले ४०, म्हणजे ६००० पीपीएम, ०.६ टक्के, म्हणजे ७४ मिलिव्होल्ट! रेझिस्टरांची चूक संदर्भाच्या चुकीपेक्षा मोठी निघाली. तेच रेझिस्टर २५ पीपीएमचे घेतले की ही चूक १९ मिलिव्होल्टवर येते. म्हणून पहिला जादा रुपया रेझिस्टरांवर खर्च करावा, संदर्भावर नंतर. संदर्भही बदलून आरईएफ५०४० घेतला तर त्याची चूक जेमतेम ४ मिलिव्होल्ट उरते, पण या चिपच्या एडीसीची स्वतःचीच चूक दोन काउंटपर्यंत, म्हणजे ३२ मिलिव्होल्टपर्यंत असू शकते. त्यापुढे संदर्भ सुधारण्यात येथे अर्थ नाही.

खर्च न करता चूक घटवण्याचा आणखी एक उपाय आहे. कॅलिब्रेशन २५ अंशांऐवजी पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास करावे. मग दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर ४० ऐवजी सुमारे २८ अंशांचे होते आणि कमाल चूक तेवढ्याच प्रमाणात उतरते. एप्रिलच्या दुपारी कूलर बंद ठेवलेल्या खोलीत हे तापमान आपसूक मिळते. कूलर बंद ठेवण्याला आणखी एक कारण आहे: प्लॅस्टिक आवरणातील संदर्भ ओलावा शोषतात आणि आवरणाचा ताण बदलल्याने त्यांचे व्होल्टेज किंचित हलते.

बोर्डावरील मांडणी

चांगला संदर्भ वाईट मांडणीत वाया जातो. पीसीबीवरील नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याचा पाव मिलिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब ट्रॅक सुमारे ०.२ ओहमचा असतो. एलईडीचा २० मिलिअँपिअर प्रवाह आणि संदर्भाचे ग्राउंड त्याच ट्रॅकवरून परतत असतील, तर एलईडी लागताक्षणी ४ मिलिव्होल्टचा, म्हणजे पूर्ण एका काउंटचा फरक पडतो. रिलेची कॉइल असेल तर तीन-चार काउंट जातात. म्हणून संदर्भ, त्याचा कपॅसिटर, विभागणीचा खालचा रेझिस्टर आणि मायक्रोकंट्रोलरची ॲनालॉग ग्राउंड पिन यांना आपसात आखूड आणि रुंद तांब्याने जोडावे, आणि मोठे प्रवाह त्या भागातून जाऊ देऊ नयेत.

एआरईएफ पिनला अगदी लागून १०० नॅनोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटर असावा. ॲनालॉग पुरवठ्याच्या पिनवर १० मायक्रोहेन्रीचे इंडक्टर आणि १०० नॅनोफॅरॅड अशी गाळणी उत्पादकानेच सुचवली आहे. रेग्युलेटर संदर्भापासून दूर ठेवावा: १२ व्होल्टवरून पाच व्होल्ट करताना १०० मिलिअँपिअरवर ७८०५ मध्ये ०.७ वॅट उष्णता निर्माण होते आणि ती तांब्यातून थेट संदर्भापर्यंत पोहोचते. स्क्रूच्या भोकांजवळही संदर्भ बसवू नये, कारण बोर्ड वाकला की चिपवर ताण येतो आणि व्होल्टेज सरकते.

केंद्र बहुतेक वेळ झोपलेले असेल तर संदर्भाचा सिरीज रेझिस्टर पुरवठ्याऐवजी मायक्रोकंट्रोलरच्या एखाद्या डिजिटल पिनवरून चालवता येतो. मोजण्याआधी पिन वर करावी, दोन-तीन मिलिसेकंद थांबावे, मोजावे आणि पिन खाली करावी. रात्रभर वाया जाणारा जवळपास एक मिलिअँपिअर त्यामुळे वाचतो.

प्रोग्राममध्ये संदर्भ बाहेरचा आहे ही सूचना पहिल्या मोजमापाच्या आधीच द्यावी. ती राहून गेली तर चिपच्या आत ॲनालॉग पुरवठा एआरईएफ पिनला जोडला जातो आणि बाहेरचा संदर्भ व आतला पुरवठा एकमेकांवर आदळून चिप निकामी होऊ शकते. संदर्भ बदलल्यानंतरचे पहिले मोजमाप टाकून द्यावे.

कॅलिब्रेशन

साडेतीन अंकी साध्या मल्टीमीटरची चूक साधारणतः अर्धा टक्का अधिक काही काउंट अशी दिलेली असते. २० व्होल्टच्या रेंजवर ४.०९६ मोजताना अर्धा टक्का म्हणजे २० मिलिव्होल्ट आणि दोन काउंट म्हणजे आणखी २०. एकूण एक टक्का. अशा मीटरने ०.१ टक्क्याचा एलएम४०४० तपासता येत नाही, उलट त्या संदर्भाने मीटर तपासता येईल. त्यासाठी ए प्रतीचा एक संदर्भ केवळ तुलनेसाठी वेगळा जपून ठेवावा, किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सहा-साडेसहा अंकी, वेळेवर कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर एकदा मोजमाप करून घ्यावे. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या कारखान्यात उपकरण द्यायचे असेल, तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट केलेला मीटरच वापरावा, कारण तेथे मोजमापाचा दाखला मागितला जातो.

एका बिंदूवर भागवू नये. बॅटरीच्या जागी स्थिर पुरवठा जोडून ११.५ आणि १४.५ व्होल्टच्या जवळ दोन मोजमापे घ्यावीत. दोहोंवरून उतार आणि शून्याची चूक दोन्ही मिळतात. संदर्भ, विभागणी आणि एडीसी यांच्या सुरुवातीच्या चुका या दोन आकड्यांत एकत्र सामावतात, त्यामुळे प्रत्येक भाग वेगळा मोजण्याची गरज राहत नाही. मोजण्यापूर्वी बोर्ड अर्धा तास चालू ठेवावा आणि सोल्डरिंगनंतर निदान एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, कारण सोल्डरच्या उष्णतेचा ताण हळूहळू सैल होतो आणि पहिल्या हजार तासांत संदर्भ सर्वाधिक सरकतो.

शेवटी तापमानाची प्रत्यक्ष चाचणी करावी. बोर्ड त्याच पत्र्याच्या डब्यात घालून, इनपुटला स्थिर व्होल्टेज देऊन, पहाटेपासून दुपारी तीनपर्यंत गच्चीवर ठेवावा आणि डब्यातील तापमान व एडीसीचा आकडा दर दहा मिनिटांनी नोंदवावा. इनपुटचा स्रोत मात्र घरात सावलीत ठेवून लांब तारेने जोडावा, नाहीतर स्रोताचे सरकणे संदर्भाच्या नावावर लिहिले जाईल. आकडा तीन काउंटांहून अधिक हलला तर आधी विभागणीचे रेझिस्टर बदलून पाहावेत, मग ग्राउंडची मांडणी तपासावी आणि त्यानंतरच संदर्भाला हात लावावा.